एकास बारा

आमच्या बेटावर सकाळी दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असायचा, "आज किती?" तब्येत, हवा, घरचं कसं काय, हे सगळं नंतर. उत्तर आकड्यात यायचं. "नऊ." "सतरा." महिन्यातून सात-आठ सकाळी मात्र उत्तर यायचं, "आज बिनफळीचा." ते ऐकलं की लोकांची चालच बदलायची. कुणी ठेवणीतल्या चपला बाहेर काढायचं, कुणी महिनाभर दुखणारी दाढ दाखवायला पलीकडे निघायचं.

हा आकडा फळ्यांचा होता, आणि फळ्या माझ्या आत्याच्या.

बेट लहान. एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाचं कुत्रं भुंकेल एवढं. पलीकडच्या किनाऱ्यावरून दिवसातून दोनदा लाँच यायची, सकाळी दहाला आणि दुपारी साडेचारला. लाँचची वेळ घड्याळाने ठरवलेली, पाण्याची पाण्याने. दोघांचं जमलं तर लाँच थेट दगडी पायऱ्यांना टेकायची. नाही जमलं तर ती लांब, खोल पाण्यात उभी राहायची, आणि मध्ये नुसता चिखल. काळा, चकचकीत, दिसायला अगदी शांत. त्या चिखलात लाकडी घोड्या रोवायच्या, त्यांच्यावर एकापुढे एक फळ्या टाकायच्या, माणसं उतरवून घ्यायची, चढवायची, आणि पाणी परतायच्या आत सगळं उचलून खोपटात ठेवायचं, हे आत्याचं काम. आधी ते आजोबांचं होतं. आजोबा गेले तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती. माझे बाबा धाकटे, आणि त्यांना चिखलाची शिसारी. ते पलीकडे कारकुनी करायला गेले. फळ्या आत्याने डोक्यावर घेतल्या, त्या चाळीस वर्षं.

सकाळी सांगितला जाणारा आकडा दहाच्या लाँचचा. फळ्या बावीस होत्या. प्रत्येक तीन हात लांब आणि एक वीत रुंद. पाणी अगदी मागे गेलं की सत्तावीस लागायच्या, पण शेवटच्या पाचांच्या जागी घोडी उभीच राहत नसे. चिखल तिला गिळायचा. तेवढं अंतर गुडघाभर चिखल तुडवत जायचं. तिथे आत्या स्वतः उभी असायची, कमरेला दोर, एक हात पुढे केलेला. बेटावरच्या प्रत्येक माणसाने तो हात कधी ना कधी धरला आहे. कोरडा, खरखरीत, तळव्यावर कुसळ घुसल्याचा जुना व्रण. सगळं बेट तिला आत्याच म्हणतं. माझी ती सख्खी, आणि मी तिच्याच घरी वाढले, एवढाच माझा मोठेपणा.

"चाळीस वर्षांत माझ्या फळीवरून कुणी पडलं नाही," हे ती नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायची. शेजारी बसून फळीला रंधा मारणारे आतोबा, म्हणजे तिचे यजमान, मान वर न करता म्हणायचे, "मी पडलो होतो."

"तुम्ही फळीवरून नाही पडलात. लाँचवरून पडलात."

"पडलो ना पण."

"ते तांडेलाला विचारा."

लाँचच्या तांडेलाला बेटावर 'थांबा' म्हणायचे. लाँच टेकायच्या आधीच लोक उड्या मारायला निघत, आणि तो जन्मभर एकच शब्द ओरडत आला होता.

ताई ही आत्याची एकुलती मुलगी, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पलीकडे एका छापखान्यात ती नकाशे आखायची. एका सकाळी कामावर जाताना तिला मागून ट्रकने उडवलं. चार महिने दवाखान्यात गेले, आणि मग चाकांची खुर्ची आली, ती कायमची.

दवाखान्याने तिला सोडलं तो दिवस अठरा फळ्यांचा निघाला. वीतभर फळीवर चाकं कुठून चालणार? चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली. पुढच्या डाव्या बाजूला आत्या. अर्ध्या वाटेत मागच्या एकाचा पाय रुतला, खुर्ची कलली, पायऱ्यांवर जमलेले सगळे पुढे झुकले. आत्याने खांदा वर उचलला आणि खुर्ची सरळ झाली. ते चौघे पायऱ्यांवर पोचले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा मोठा फेरा तिने आयुष्यात केला नव्हता.

ताई आठ दिवस राहिली. नवव्या दिवशी जायला निघाली. तिला पुन्हा उचलून लाँचमध्ये ठेवली, तेव्हा ती आत्याला म्हणाली, "आई, मी येईन. पण माझी मी येईन."

"अगं, एक थेंब तरी उडू दिला का तुझ्यावर?"

"नाही उडाला. पण सगळे टाळ्या वाजवत होते गं."

आत्या परत येऊन घोड्या धूत बसली. ते वाक्य कळायला आपल्याला एक वर्ष लागलं, असं ती सांगते. त्यानंतर सात वर्षं ताई बेटावर आली नाही. आत्या महिन्यातून एकदा तिच्याकडे जायची, तिच्या खोलीत दोन दिवस राहायची, तिसऱ्या दिवशी फळ्यांसाठी परतायची. घरात ताईची खोली झाडलेली असायची. आतोबांनी तिच्या टेबलाचे पाय कापून ते खुर्चीच्या उंचीचं करून ठेवलं होतं.

धक्क्याची मागणी बेटावर जुनीच होती. आमचे निवृत्त शिक्षक दरवर्षी एक अर्ज लिहायचे, म्हणून त्यांना अर्जमास्तर म्हणत. त्यांचं अक्षर असं, की उत्तर कुणी दिलं नाही तरी अर्ज फाडून टाकायचं धाडस कुणाला झालं नसेल. आत्या त्या अर्जांवर सही करायची, पण हसत. "धक्का झाला तर मी काय करू? तुमच्या अंगणात फळ्या टाकू?"

ताई पलीकडे परतल्यानंतरच्या वर्षी ती स्वतःहून मास्तरांच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, नवा अर्ज लिहा. पायऱ्या नकोत म्हणावं. उतार पाहिजे."

मास्तरांनी चष्मा काढला. "आत्या, उतार झाला तर तुमचं काम जाईल."

"जाऊ दे. आणि लिहा, एकास बारा."

"म्हणजे?"

"एक हात चढायला बारा हात लांबी."

हे तिला ताईने सांगितलं होतं. पण आत्या ऐकीव गोष्टीवर विसंबणारी बाई नाही. आरोग्य केंद्रात एक जुनी चाकांची खुर्ची धूळ खात पडली होती. ती तिने मागून आणली, अंगणात विटा रचल्या, शेजारी शेजारी चार, अशा ओळींनी फळ्या टाकल्या, आणि स्वतः खुर्चीत बसून हातांनी चाकं ढकलत चढून बघितलं. एकास सहा केलं तेव्हा ती उलटी घरंगळून आतोबांच्या अंगावर आली. एकास आठला वर पोचली, पण धापा टाकत.

"पोचलीस की," आतोबा म्हणाले.

"पोचून काय उपयोग? बोलता नाही आलं. बोलत बोलत चढता आलं पाहिजे माणसाला."

एकास बाराला ती चढता चढता कुंपणापलीकडच्या शिंपिणीशी पूर्ण एक भांडण भांडली. तेव्हा तिची खात्री पटली.

चार वर्षं तो अर्ज जात राहिला. पाचव्या वर्षी पहिल्यांदा उत्तर आलं. 'पाहणीसाठी अधिकारी येतील. आपल्या सोयीचा दिवस कळवावा.' शाळेच्या खोलीत सगळे जमले. भरती-ओहोटीचा तक्ता आत्याने उलगडला, त्यावरून बोट फिरवलं आणि एक तारीख सांगितली. मास्तरांनी ती सुंदर अक्षरात लिहिली. कुणालाही काही खटकलं नाही.

साहेब आले. पायऱ्या आदल्या दिवशी घासलेल्या होत्या, शेवाळ खरवडलेलं होतं. लाँच अलगद तिसऱ्या पायरीला टेकली. आत्याने हात पुढे केला, पण साहेबांना तो धरायची गरजच पडली नाही. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि ते बेटावर होते. बुटांची चमक तशीच. चहा झाला, साहेबांनी हवेची तारीफ केली, आणि पाणी ओसरायच्या आत लाँच त्यांना घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. मास्तर उभं राहून वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. 'लाँच थेट पायऱ्यांस लागते. प्रवाशांची चढउतार सुरळीत आहे. पायऱ्या अतिशय स्वच्छ आढळल्या. नवीन धक्क्याची आवश्यकता दिसत नाही.'

मास्तरांनी कागदाची घडी घातली. मग कोपऱ्यातून 'थांबा' म्हणाला, "बरोबरच लिहिलंय की."

आम्ही त्यांना बिनफळीच्या दिवशी बोलावलं होतं. दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. पाहुणा म्हटला की बिनफळीचा दिवस बघायचा. बेटावर आलेली प्रत्येक नवी सून, प्रत्येक डॉक्टर, शाळेचा प्रत्येक तपासनीस त्याच दिवशी पाय कोरडे ठेवून उतरला होता. चिखल आपला, घरातला. तो पाहुण्याला कसा दाखवायचा?

आत्याने त्या संध्याकाळी ताईला फोन केला. मी शेजारी होते. ताईचं हसू मला फोनमधूनही ऐकू आलं.

"आई, तू त्यांना भरतीला बोलावलंस?"

"पाहुणे होते गं."

ताई हसत राहिली आणि मग तिचं हसणं थांबलं.  ती म्हणाली, "आई, आपण कुणाला चिखल दिसूच देत नाही. तो नळ आठव."

पलीकडच्या बंदरावर उतरलं की डाव्या हाताला एक नळ आहे. बेटावरचा प्रत्येक माणूस आधी तिथे जायचा, कारण फळ्या पुरल्या तरी उडालेला चिखल गुडघ्यापर्यंत आलेला असायचा. पाय गुडघ्यापर्यंत धुवायचे, पिशवीतल्या फडक्याने पुसायचे, पिशवीतल्याच कोरड्या चपला घालायच्या, केसांवरून हात फिरवायचा, मगच शहरात पाऊल टाकायचं. पोरवयात आम्हाला पाढ्यांच्या आधी हे शिकवलं जायचं. बंदर कार्यालय त्या नळापासून शंभर पावलांवर. तिथल्या कुणीही जन्मात आमचे चिखलाचे पाय पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आत्याने शाळेत सांगितलं, "उद्यापासून नळावर थांबायचं नाही. जो कुणी ज्या कामाला पलीकडे जाईल, त्याने आधी कार्यालयात जायचं. तसंच. आणि एका ओळीचा अर्ज द्यायचा, पाहणी ओहोटीला व्हावी."

शिंपीण ताडकन म्हणाली, "असे पाय घेऊन? लोक म्हणतील बेटावरचे गलिच्छ!"

"म्हणू देत."

"तुला चालेल? तू तर जावयाला दारात अडवून पाय धुवायला लावतेस. माझ्या जावयाला!"

"त्याचे पाय धुण्यासारखेच होते," आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदा लोक हसले.

पहिली तीच गेली. तो चोवीस फळ्यांचा दिवस होता. मी तिच्याबरोबर होते. नळाजवळ तिची पावलं सवयीने वळली, अडखळली, आणि पुढे निघाली. रस्त्यावरची माणसं बघत होती. कार्यालयाच्या पांढऱ्या फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटत गेले, दारापासून खिडकीपर्यंत. आत्या मान ताठ ठेवून चालत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

शिपाई धावत आला. "बाई, पाय धुऊन यायचं!"

"रोज धुऊनच येते दादा. आज तुम्हाला दाखवायला आणलेत."

दुसऱ्या दिवशी मास्तर गेले, इस्त्रीची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. तिसऱ्या दिवशी शिंपीण, नाकावर रुमाल धरून, जणू पाय दुसऱ्याच कुणाचे आहेत. मग दुकानदार, मग पोस्टमन, मग नर्सबाई. घोषणा नाहीत, फलक नाहीत. रांगेत उभं राहायचं, एका ओळीचा अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, बाहेर पडायचं. बिनफळीच्या दिवशी कुणीच जात नसे, कारण खोटा चिखल लावून जाणं आत्याला मंजूर नव्हतं. दोन आठवड्यांनी शिपाई दारातच पोतं अंथरू लागला. तिसऱ्या आठवड्यात तो पोस्टमनला म्हणाला, "आज किती?"

"एकोणीस."

"अरेरे," शिपाई म्हणाला.

बेटावर हे कळलं तेव्हा आत्या म्हणाली, "आता होईल काम."

सव्विसाव्या दिवशी पत्र आलं. पाहणी पुन्हा होणार होती, आणि तारीख या वेळी त्यांनीच ठरवली होती. आत्याने तक्ता पाहिला. सत्तावीस.

त्या दिवशी फळ्या खोपटातच ठेवायच्या, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. आत्याने मान हलवली, पण त्या सकाळी ती दोनदा खोपटापर्यंत जाऊन परत आली. चाळीस वर्षांत लाँच आली आणि फळ्या पडल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं.

लाँच लांब उभी राहिली. "थांबा!" ऐकू आलं. इंजिनिअर म्हणून आलेली मुलगी माझ्याच वयाची होती. तिने चिखलाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"फळ्या असतात ना? अर्जात लिहिलंय."

"असतात," तांडेल म्हणाला. "आज नाहीत."

"का?"

"तुम्ही बघायला आलात म्हणून."

तिने बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात टाकले आणि खाली उतरली. गुडघ्यापर्यंत गेली. आत्या शेवटच्या पायरीवर उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. मी तिच्या मागे होते, म्हणून ते हात मला दिसत होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, सुटून पळेल म्हणून.

पंधरा-वीस पावलांवर ती मुलगी रुतली. ओढायला गेली तशी आणखी खाली गेली. तिने वर पाहिलं. कुणीही हललं नाही.

"ओढू नका," आत्या म्हणाली.  "टाच आधी सोडवा. टाच. हं. आता पाय बाहेरच्या अंगाने काढा."

पाय निघाला. मग दुसरा. पायऱ्यांपर्यंत यायला तिला बराच वेळ लागला. ती बसली, दम घेतला, आणि पायांकडे बघत म्हणाली, "रोज असं?"

"रोज नाही. महिन्यातले सात-आठ दिवस बरे असतात. मागचे साहेब त्यातल्याच एका दिवशी आले होते. मीच बोलावलं होतं."

मुलगी खळखळून हसली. मग तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "इतक्या वर्षांत कुणी पडलं?"

"माझ्या फळीवरून नाही." आत्या थांबली. एरवी ती इथे थांबत नसे. "पण एकीने यायचं सोडलं."

आणि मग तिने ताईबद्दल सगळं सांगितलं. टाळ्यांचंसुद्धा.

जाताना आत्या स्वतः बादली घेऊन आली, तर ती मुलगी म्हणाली, "नको, अशीच जाते कार्यालयात."

धक्का मंजूर झाला. पण बेटाच्या संमतीच्या सह्यांसाठी नकाशा आला, त्यात पायऱ्या होत्या. रुंद, भक्कम, दोन्ही बाजूंनी कठडा असलेल्या, खोल पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या. शाळेच्या खोलीत लोक नकाशाभोवती उभे होते आणि सगळ्यांचे चेहरे उजळले होते. एकटी आत्या बोटाने नकाशातल्या पायऱ्या मोजत होती.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"आत्या, आता हट्ट नको," दुकानदार म्हणाला. "मिळतंय ते हातचं जाईल. एका माणसासाठी सगळ्या बेटाने..." बोलता बोलता तोच ओशाळला.

आत्या चिडली नाही. "एका माणसासाठीच," ती म्हणाली. "तुमची पाळी येईल तेव्हा तेसुद्धा एकच माणूस असेल."

 मास्तर उठले. उठताना त्यांनी नेहमीसारखं टेबल धरलं, गुडघ्यावर हात दाबला, आणि म्हणाले, "मला कागद द्या. नकाशा परत पाठवायचाय."

या वेळी आत्या कार्यालयात गेली ती नळावर पाय धुऊन. इंजिनिअर मुलीने तिला खुर्ची दिली आणि खरं ते सांगितलं. उतार तिलाही हवा होता, पण बसत नव्हता.

"पायऱ्यांच्या माथ्यापासून खालपर्यंत सात हातांची उंची आहे आत्या. म्हणजे लांबी..."

"बारा सत्ते चौऱ्याऐंशी हात."

"आणि जागा आहे एक्क्याऐंशी."

आत्याला ते मोजावं लागलं नाही. सत्तावीस फळ्या, तीन हातांची एक. चाळीस वर्षं ती तेच अंतर सांधत आली होती.

"तीन हात कमी पडतात," मुलगी म्हणाली. "पुढे खोल पाणी, तिथे सरकता येत नाही. मागे एक जुनं खोपट आहे. नकाशात लिहिलंय, मालकी अज्ञात."

"मालकी माझी," आत्या म्हणाली. "माझ्या वडिलांनी बांधलेलं. किती दिवसांत मोकळं करून हवंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची लाँच गेल्यावर आत्या आणि आतोबा खोपट उतरवायला लागले. आजोबांनी ठोकलेले खिळे आतोबांनी एकेक करून सरळ काढले, एकही वाकवला नाही. आत्याने एकदा मधल्या खांबावर हात ठेवला, तिथे आजोबांनी चाकूने भरतीच्या खुणा कोरल्या होत्या. मग म्हणाली, "हा घरी घ्या," आणि पुढच्या खांबाकडे वळली.

उतार बांधायला दीड वर्ष लागलं. तोवर फळ्या पडत राहिल्या. शेवटच्या दिवशी, तेरा फळ्यांच्या, आत्याने त्या नेहमीसारख्याच धुतल्या, पुसल्या आणि आतोबांच्या स्वाधीन केल्या. आमच्या आत्याच्या घराचं जोतं बरोबर एक हात उंच आहे. आतोबांनी दारापुढे बारा हात लांबीचा उतार केला, चार फळ्या लांब आणि चार रुंद. सोळा फळ्या गेल्या. उरलेल्या सहा त्यांनी कशासाठी ठेवल्यात ते अजून सांगत नाहीत.

ताईने फोनवर विचारलं, "आई, सत्तावीसचा दिवस कधी आहे?"

"अगं, आता सत्तावीस काय आणि बिनफळीचा काय, सगळं सारखंच."

"मग सांग ना."

आत्याने तक्ता उघडला.

आदल्या दिवशी ती घरोघर फिरली. "उद्या टाळ्या नकोत."

"बरं वाटलं तरी?" शिंपिणीने विचारलं.

"बरं घरी जाऊन वाटून घ्या."

त्यामुळे दुसऱ्या दिवशी दहा वाजता सगळं बेट उताराच्या आसपास होतं आणि प्रत्येकाला काहीतरी काम होतं. दुकानदार रिकामा तराजू पुसत होता. मास्तर उलटं धरलेलं वर्तमानपत्र वाचत होते. शिंपीण सुईत दोरा ओवत होती, बराच वेळ.

लाँच उताराच्या खालच्या टोकाला टेकली. लाँचची उतरायची लोखंडी पाटी खाली पडली. ताई दारात आली, केस बारीक कापलेले, मांडीवर एक पिशवी. तांडेलाने सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"अहो तांडेलमामा, म्हणा की," ताई म्हणाली. "सवय मोडू नका."

"थांबा," तो म्हणाला, पण इतक्या हळू, की ते ओरडणं राहिलंच नव्हतं.

ताई पाटीवरून खाली आली आणि चढायला लागली. दोन्ही बाजूंना काळा, चकचकीत चिखल पसरला होता, पार खोल पाण्यापर्यंत उघडा पडलेला. तिचे हात चाकांवर एका लयीत फिरत होते. आत्या वरच्या टोकाला, खोपट होतं तिथे उभी होती, हात पाठीमागे.

अर्ध्यावर ताई थांबली. चाकं धरून ठेवली, डावीकडच्या चिखलाकडे पाहिलं, उजवीकडच्या पाहिलं. बेटावर कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. मग तिने मान वर केली.

"आई, तिथे उभी काय राहिलीस? जा, चहा टाक. आलेच मी."

दम लागला नव्हता तिला. अगदी घरातल्या घरात बोलावं तसं बोलली.

आत्या वळली आणि घराकडे चालू लागली. मी तिच्या मागून चालत होते. तिचे हात आता सुटे होते आणि चालताना हलत होते. इतकी वर्षं दोराशिवाय, फळीशिवाय, नुसतेच हलणारे तिचे हात मी पाहिले नव्हते. घर येईपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागून चाकांचा आवाज येत होता, संथ, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. कुणाशी तरी ताई बोलत होती, कुणी तरी हसलं.

आत्याने शेगडी पेटवली, आधण ठेवलं. दारातल्या फळ्या वाजल्या. आत्या पाठमोरीच होती, पण आपल्या फळ्यांचा आवाज तिला पाठीनेही ओळखू येतो.

"चाकं पूस गं," ती आतूनच म्हणाली, "चिखल असेल."

ताईने खाली वाकून एकदा चाकांकडे नीट पाहिलं.

"कुठला चिखल?" ती म्हणाली.